शेवटच्या ड्रिपरचं पाणी आणि माझं ऑनलाइन एम.ए.

"याने पगार वाढतो का?" मी ऑनलाइन एम.ए.ला प्रवेश घेतलाय हे कळल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न हाच आला, आणि तो रास्तच होता. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांना पुढे वाचायला नको. लगेच काही वाढत नाही. अनुदानित माध्यमिक शाळेत १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी. निवडश्रेणीच्या वेळी वाढवलेली शैक्षणिक अर्हता विचारात घेतात, पण ही श्रेणीही २० टक्के पदांपुरतीच. माझी २४ भरायला अजून पुष्कळ अवकाश आहे. तोवर नियम कितीदा बदलतील, देव जाणे.

मी अमळनेरला राहते. शाळा तापीच्या पलीकडे, चोपडा तालुक्यातल्या एका गावात. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, आणि गणिताचे शिक्षक रजेवर असले की गणितही. शिक्षण बी.एस्सी. फिजिक्स आणि बी.एड. खरं तर मला एम.एस्सी. फिजिक्स करायचं होतं. पण घरबसल्या ते होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ४ सप्टेंबर २०२० रोजी दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे जे नियम काढले, त्यांत प्रयोगशाळेशिवाय होऊ न शकणारे अभ्यासक्रम ऑनलाइनमधून वगळले आहेत. ते बरोबरच आहे. प्रयोगशाळेत पाय न ठेवता फिजिक्सचा मास्टर होणाऱ्या माणसाकडे मी माझ्या मुलाला शिकायला पाठवणार नाही. नोकरी आणि सासर सांभाळून नियमित एम.एस्सी.ला जळगावला जाणंही शक्य नव्हतं.

मग राहिलं शिक्षणशास्त्र. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण अर्ध्या लोकांचा इथेच घोटाळा होतो. एम.एड. आणि शिक्षणशास्त्रातलं एम.ए. एक नव्हेत. एम.एड. हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या अखत्यारीतला व्यावसायिक अभ्यासक्रम आहे आणि तो ऑनलाइन मिळत नाही. शिक्षणशास्त्रातलं एम.ए. ही मानसशास्त्रात किंवा इतिहासात असते तशी विद्याशाखेची पदवी. "ऑनलाइन एम.एड. करून देतो, परीक्षेचं टेन्शन घेऊ नका," असा फोन आला तर तो तिथेच ठेवायचा. मला असे फोन आलेत. एकाने तर मागच्या तारखेचा प्रवेशही दाखवून देतो म्हणून सांगितलं.

प्रवेशाआधी मी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, यादी उघडून बसले. विद्यापीठाला मान्यता आहे एवढ्यावर भागत नाही. तोच अभ्यासक्रम, त्याच वर्षासाठी आणि ऑनलाइन म्हणूनच यादीत हवा. मी जुलै २०२३ च्या सत्रात आले. २०२४ पासून प्रवेशाआधी डीईबी आयडी काढावा लागतो, त्यामुळे बोगस केंद्रांना थोडा तरी चाप बसला असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर केलं की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी. त्या सूचनेची प्रत मी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या परवानगीच्या अर्जाला जोडली होती. मुख्याध्यापकांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, पण दहावीच्या निकालावर याचा परिणाम नको." तेवढ्यावर सही झाली.

घरी मात्र सही मागायची सोय नव्हती. सासूबाई शेंगा सोलत होत्या. ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "आते कितलं शिकशी व माय?" विरोध नव्हता. कुतूहलही फारसं नव्हतं. पण पुढे परीक्षेच्या दिवसांत आलेल्या-गेलेल्यांना माझ्या खोलीपासून लांब ठेवायचं काम त्यांनीच केलं, तेही कुणी न सांगता.

तासांचा हिशेब कुणीच आधी करत नाही, तो मी इथे करून ठेवते. ८० क्रेडिटचा अभ्यासक्रम आणि एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास, म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांचे आठवडे १०४. आठवड्याला २३ तास पडतात, म्हणजे रोजचे तीन तासांहून जास्त. शाळा, एसटी, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, वह्या तपासणं हे सगळं वगळून. इतके तास मी दिले नाहीत आणि माझ्या गटातल्या कुणीही दिले नसावेत. पण आकडा समोर असला की मनाची तयारी होते. "बसल्या जागी डिग्री" म्हणणाऱ्यांना मी हाच आकडा सांगते.

ऑनलाइन अभ्यासक्रमात चार भाग असतात : व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. व्हिडिओ मी रात्री वाय-फायवर उतरवून घ्यायचे आणि सकाळी एसटीत ऐकायचे. ऐकायचे म्हणजे खरंच ऐकायचे, कारण आमच्या रस्त्यावर एसटीत पडद्याकडे बघत बसलं की मळमळतं. वाचन रविवारी. चर्चेच्या भागात "छान मुद्दा, मॅडम" अशी रांग लागायची. तिथे फार काही हाती लागलं असं म्हणणार नाही. ३० टक्के गुण असाइनमेंटला, ७० टक्के सत्रांत परीक्षेला. असाइनमेंट इंग्रजीतून. त्यांची मुदत नेमकी अशा वेळी यायची की बस. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं होतं. सगळं गाव प्रताप महाविद्यालयाच्या मैदानाकडे निघालेलं, घरी पाहुणे उतरलेले, आणि मी माजघरात शिक्षणाच्या समाजशास्त्रावर हजार शब्द पाडत बसलेली. शेवटच्या दिवशी दुपारी गेले खरी, पण पुस्तकांच्या दालनात जेमतेम फिरणं झालं.

पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, अभ्यासक्रमाची आखणी, सांख्यिकी. काही विषय बी.एड.लाच झालेले, फक्त जाड पुस्तकात. पियाजे आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांची नावं बी.एड.च्या परीक्षेत चार ओळींत लिहिली होती, आता चाळीस पानं वाचली. त्यातलं एक वाक्य मात्र डोक्यात बसलं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडलेलं म्हणणं असं की, शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. ते शोधा आणि तिथून शिकवा. वाचायला सोपं आहे. पण साठ पोरांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात, ते शोधायचं कसं?

परीक्षा जूनमध्ये. त्याआधीचा मे म्हणजे लोकसभेची निवडणूक. आमच्या भागात १३ मे २०२४ ला मतदान होतं. त्याआधी प्रशिक्षणं, मग साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम. शिक्षकाला हे काही नवं नाही. पण आदल्या संध्याकाळी मतदान केंद्राच्या वर्गखोलीत फळ्याखाली सतरंजी टाकून, मोबाइलच्या उजेडात सांख्यिकीची सूत्रं पाठ करणारी मी एकटीच असेन असं वाटलं होतं. तर आमच्या पथकातले एक सर एम.ए. मराठीची परीक्षा देणारे निघाले. दोघांनी मिळून चहा सांगितला.

परीक्षा घरून देता येते, कॅमेऱ्याच्या नजरेखाली. सोय मोठी, पण ती खानदेशातल्या जूनचा विचार करून केलेली नव्हती. खोलीत दुसरं माणूस नको, दार बंद, तोंडावर उजेड आणि आजूबाजूला शांतता. आता पारा ४३-४४ वर गेला की आमच्याकडे कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर काही गप्प बसत नाही. पेपर सुरू झाला आणि पडद्यावर सूचना : पार्श्वभूमीला आवाज येत आहे. मी कूलर बंद केला. दहा मिनिटांत कपाळावरचा घाम चष्म्याच्या काचेवर. पंचा ओला करून मानेवर टाकला, तर दुसरी सूचना : संशयास्पद वस्तू. शेवटी खालच्या चौकटीत लिहिलं की हा पंचा आहे, उकाडा आहे, दाखवू का? पलीकडे कोणीतरी माणूस होता, मशीन नव्हतं. "दाखवा," म्हणाला. मी पंचा झटकून कॅमेऱ्यापुढे धरला. "ओके मॅम, कंटिन्यू." तो कुठल्या गावचा होता कोण जाणे, पण उन्हाळा कळणारा असावा.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये याहून बिकट झालं. केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ येतं, तसं दुपारी चार वाजता आलं. आधी धूळ, मग पत्रे वाजायला लागले आणि वीज गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, पण वाय-फायचा डबा बंद. मी मोबाइलचं नेट जोडून पुन्हा आत शिरले, तर घड्याळ मधल्या वेळात चालूच राहिलेलं. लिहिलेली उत्तरं मात्र शाबूत होती. उरलेल्या वेळात मोठा प्रश्न सोडून छोटे दोन घेतले. तक्रार नोंदवली, उत्तर आलं की नोंद घेतली आहे. त्या विषयाचे गुण बाकीच्यांपेक्षा कमी आहेत आणि ते तसेच राहतील.

पण या दोन वर्षांत मला जे मिळालं ते पेपरांत नव्हतं, लघुप्रबंधात होतं. म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

विषय निवडताना मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "तुमच्या वर्गात मुलं कुठे अडतात? दरवर्षी, न चुकता?" मी लगेच म्हटलं, धाराविद्युत. आठवीला धाराविद्युत आणि चुंबकत्व, नववीला पुन्हा धाराविद्युत, दहावीला विद्युतधारेचे परिणाम. तीन वर्षं तोच रस्ता, आणि दहावीतही काही पोरांना वाटतं की बल्ब करंट खातो. मॅडम म्हणाल्या, "मग त्यांना चूक आहात म्हणून सांगू नका. असं का वाटतं ते विचारा आणि लिहून घ्या. एवढाच तुमचा प्रबंध."

वाचायला घेतल्यावर कळलं की हे जगभर झालेलं काम आहे. न्यूझीलंडच्या रॉजर ऑस्बॉर्न यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या मनातली विद्युतधारेची चार चित्रं मांडली होती. काहींना वाटतं एकच तार पुरे, दुसरी उगाच. काहींना वाटतं सेलच्या दोन्ही टोकांकडून करंट येतो आणि बल्बमध्ये धडकतो. काहींना वाटतं तो गोल फिरतो खरा, पण बल्बमध्ये थोडा खर्ची पडून पुढे कमी जातो. आणि चौथं बरोबर चित्र : सगळीकडे सारखाच. इंग्लंडात रोझलिंड ड्रायव्हर यांनी अशा कल्पनांना चुका न म्हणता मुलांचे स्वतःचे सिद्धांत म्हणून बघितलं. आणि आमच्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात आसपासच्या गावांतल्या शाळा धरून विज्ञान शिकवण्याचा प्रकल्प केला होता. खिरोदा माझ्या माहेरपासून लांब नाही. तिथे लग्नाला गेले, केळी आणली, पण हे कधी कानावर आलं नव्हतं.

आता प्रयोग. दोन सेल, एक टॉर्चचा बल्ब, बल्बच्या अलीकडे करंट मोजणारा एक अँमीटर आणि पलीकडे एक. वर्गाला विचारायचं : कोणता जास्त दाखवेल? आधी उत्तर लिहायचं, कारण लिहायचं, मग स्विच. पालकांची संमतिपत्रं, मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांच्या नावांऐवजी क्रमांक, हे सगळे सोपस्कार आधी झाले होते. बहुतेकांनी लिहिलं : अलीकडचा जास्त दाखवेल. एका पोराने तोंडीच सांगितलं, "मॅडम, करंट बल्बमा जयी जास, मंग पुढे कमीच जाई ना." म्हणजे करंट बल्बमध्ये जळून जातो.

स्विच लावला. अलीकडचा २८० मिलिअँपिअर, पलीकडचा २६०. वर्गात जल्लोष. बघा, कमी झाला! शाळेचे अँमीटर किती जुने आहेत ते मला माहीत होतं. एकाची सुई शून्यावर बसतच नाही. मी काही बोलले नाही, दोन्ही अँमीटरच्या जागांची अदलाबदल केली. आता अलीकडचा २६० आणि पलीकडचा २८०. जल्लोष थांबला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मीटरच खराब शे." आणि तो बरोबर होता! फरक करंटमध्ये नव्हता, मीटरमध्ये होता. पण हे त्याने स्वतः म्हटल्यावर पुढचा प्रश्नही त्यालाच विचारता आला : मग मीटर चांगले असते तर काय दिसलं असतं? तो गप्प बसला. त्याला पटलं नव्हतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

मुलाखती मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत घ्यायचे. याच पोराला विचारलं, करंट कमी होतो असं तुला कशावरून वाटतं? तो म्हणाला, "आमनी मोटर लाइनले शेवटली शे. बठ्ठास्न्या चालू झाल्या का आमनी उठतच नही." म्हणजे सगळ्यांच्या सुरू झाल्या की यांची सुरूच होत नाही. मग त्याने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. डीपी म्हणजे वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, तिथून निघालेली लाइन, वाटेत पाच मोटरी, शेवटची त्यांची. आणि शेजारी, मी न विचारता, दुसरं चित्र : केळीच्या वावरातली ड्रिपची, म्हणजे ठिबक सिंचनाची, नळी. पहिल्या झाडाला पाणी जोरात, शेवटच्याला थेंब थेंब. "तसंच," म्हणाला.

ते पान माझ्याकडे अजून आहे, प्रबंधाच्या परिशिष्टात लावलंय. कारण पुस्तकात आपण करंट समजावतो तो पाण्यावरून. पाणी उंचावरून सखल भागाकडे जातं तसा करंट जास्त विभवाकडून, म्हणजे विजेच्या जास्त दाबाकडून, कमी विभवाकडे. पाण्याचं उदाहरण देताना माझ्या डोळ्यांपुढे दोन टाक्या आणि मधला पाइप असतो. त्याच्या डोळ्यांपुढे ड्रिप असते, आणि ड्रिपचं काम तर वाटेत पाणी सोडत जाणं हेच! चोपडा-यावल-रावेर पट्ट्यातल्या पोराला पाण्याचा दाखला दिला की बल्ब त्याच्या डोक्यात ड्रिपर होऊन बसतो. त्याने पुस्तकातलं उदाहरण चुकीचं ऐकलं नव्हतं. फार नीट ऐकलं होतं.

आणि मोटरीचं म्हणणंही खोटं नव्हतं. लाइनवरच्या मोटरी समांतर जोडणीत असतात. प्रत्येक मोटर आपापल्या वाट्याचा करंट घेते, त्यामुळे लाइनच्या पुढच्या भागात करंट खरोखर कमी वाहतो. शिवाय लांबच लांब तारेलाही रोध, म्हणजे करंटला अडथळा, असतो. सगळ्या मोटरी सुरू झाल्या की तारेतून मोठा करंट जातो, तारेवरच बराच दाब खर्ची पडतो आणि शेवटच्या मोटरीला व्होल्टेज कमी मिळतं. म्हणून ती उठत नाही, नुसती हुंकारते. गावात सगळे म्हणतातच, "आज व्होल्टेज डाउन आहे." म्हणजे पोराकडे दोन खरी निरीक्षणं होती. फक्त ती एका बल्बच्या एकसर, म्हणजे एकाच वाटेच्या, मंडलाला लावली की गडबड होते.

कॉर्नेल विद्यापीठातले पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सांगितलं की, जुनी कल्पना सोडून नवी घ्यायला माणूस चार अटींवर तयार होतो : जुनीवर समाधान उरलं नाही, नवी कळली, ती पटण्यासारखी वाटली आणि पुढे उपयोगी पडली. अँमीटरच्या अदलाबदलीने पहिली अट जेमतेम पुरी झाली. उरलेल्या तिघींसाठी मी दोर आणला.

दोराचा खेळ माझा नाही, बऱ्याच देशांतले शिक्षक तो करतात. पोरं गोल उभी करायची, विहिरीच्या नायलॉन दोराची दोन्ही टोकं बांधून त्याचं कडं करायचं आणि ते सगळ्यांनी सैल मुठीत धरायचं. एकजण सेल : तो दोर ओढत राहतो. एकजण बल्ब : तो मूठ जरा आवळतो. दोर फिरायला लागला की बल्ब झालेला ओरडतो, हात तापला! आता विचारा : बल्बच्या अलीकडे दोर जास्त वेगाने फिरतोय का? कुठेच नाही. दोर सगळीकडे सारखा फिरतो, बल्बच्या मुठीत एक वीतभरही कमी होत नाही. मग हात कशाने तापला? ओढणाऱ्याच्या जोराने. अजून एकाने मूठ आवळली की सगळीकडचा दोर एकदम मंदावतो, म्हणजे एकसर जोडणीतला दुसरा बल्ब. आमच्या पोरांनी तिथे स्वतःची भर घातली. सगळ्यांनीच थोडी थोडी मूठ आवळली आणि ओढणारा घामाघूम झाला. "ही लांब तार," एकजण म्हणाली. तारेचा रोध मी शिकवायच्या आधीच तो तिथे येऊन उभा राहिला होता.

शेवटच्या मोटरीकडे परत जायलाच हवं होतं, नाहीतर चौथी अट राहिली असती. दोन तास त्यात गेले. फळ्यावर डीपी, लाइन, मोटरी. कुठे करंट वाटला जातो, कुठे दाब उतरतो, आणि परतीच्या वाटेने किती येतो. ड्रिपही घेतली. एकीच्या वडिलांनी दाब सांभाळणारे नवे ड्रिपर बसवलेत, त्यांत पहिल्या आणि शेवटच्या झाडाला पाणी जवळजवळ सारखं पडतं. तिने ते सांगितल्यावर चर्चा भलतीकडेच गेली आणि मी जाऊ दिली. त्या आठवड्यात अभ्यासक्रम मागे पडला, तो पुढे जादा तास घेऊन भरला.

याचा परिणाम मोजायला काही दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घेतली. बरीच पोरं बदलली, सगळी नाही. मोटरीवाला बदलला, पण त्याने कारणात लिहिलं की बल्ब एक असेल तर करंट सारखा, लाइनवर मोटरी असतील तर वाटला जातो. पुस्तकाच्या उत्तरापेक्षा ते जास्त पूर्ण आहे असं माझं मत. तोंडी परीक्षेत, अर्थात व्हिडिओवर, परीक्षकांनी विचारलं की एकाच शाळेवरून सगळ्या खानदेशाबद्दल काय सांगणार? मी म्हटलं, काहीच नाही, या वर्गाबद्दल सांगते. त्यांनी मान डोलावली आणि संदर्भांच्या मांडणीवर दहा मिनिटं घेतली. दुसरं प्रकरण चौथ्यापेक्षा मोठं झालंय, असंही ऐकवलं, आणि ते खरं होतं.

एवढ्यावरून या पदवीने मला शिकवायला शिकवलं असं कुणी समजू नये. वर्ग चालवणं मी वर्गातच शिकले. पण चुकीच्या उत्तरापाशी थांबायला एरवी वेळ मिळत नाही. हा अभ्यासक्रम नसता तर मी त्या पोराच्या उत्तरावर फुली मारली असती, पुढच्या वहीकडे वळले असते आणि ड्रिपची नळी कधीच दिसली नसती. ऑनलाइन असण्याचा खरा फायदाही इथेच झाला. नियमित महाविद्यालयात गेले असते तर दोन वर्षं वर्गाबाहेर राहिले असते. इथे रात्री वाचलेलं सकाळी साडेदहाला करून बघता येत होतं, आणि पोरं पसंत-नापसंत तोंडावर सांगत होती.

तोटे? ग्रंथालय नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. पडद्यावर वाचून माझा चष्म्याचा नंबर वाढला. सोबतीला कुणी नसतं, त्यामुळे दिवाळीनंतर जी ढिलाई येते ती येतेच. माझ्या गटातल्या कितीतरी जणांनी पहिल्या वर्षानंतर नाव काढून घेतलं. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर तपासायला आले की अभ्यासाला हात लागत नाही. आणि घरात बसून शिकणारी बाई घरात बसलेलीच धरली जाते. दार वाजलं की उठायचं तिनेच.

पदवी डिजिलॉकरमध्ये आली, मूळ प्रत टपालाने. सेवापुस्तकात नोंद करून घेताना कार्यालयात मान्यतेचा कागद मागितला. मी प्रवेशाच्या वर्षाचं डीईबीच्या यादीचं पान तेव्हाच छापून ठेवलं होतं, ते दिलं. हे पान आधीच छापून ठेवा. पुढे संकेतस्थळं बदलतात आणि जुन्या याद्या शोधत बसावं लागतं.

शिरपूरच्या एका मैत्रिणीला आता हेच करायचंय. तीही विज्ञानाचीच. तिला विषय, फी, वेळ सगळं सांगून झालं, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली : अभ्यासक्रम वार्षिक पद्धतीचा असेल तर जुलैत प्रवेश घेऊ नकोस, जानेवारीच्या सत्रात घे. जुलैवाल्यांची परीक्षा जूनमध्ये येते, जानेवारीवाल्यांची डिसेंबरात. डिसेंबरात आपल्याकडे कूलर लागत नाही, वादळ येत नाही आणि निवडणूक लागली तर लागली, तेवढं आपल्या हातात नाही.